दहाच्या नोटेवरचं काळवीट

नेपाळच्या दहा रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला काळवीट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या कर्जत तालुक्यात हे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रेहेकुरीतलं का?" साहजिकच आहे. रेहेकुरीचं अभयारण्य १९८० सालचं, उणंपुरं २.१७ चौरस किलोमीटरचं, आणि काळविटांसाठीच राखलेलं. पण काळविटाला हद्द कुठली कळते! हरभऱ्याला घाटे धरले की कळप शेजारच्या रानात उतरतात आणि शेतकरी रात्र रात्र बॅटरी घेऊन राखण करतात. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना काळवीट कौतुकाने दाखवायचं आणि आपल्या रानात दिसलं की हाकलायचं, असा सगळा मामला आहे.

नेपाळमध्ये ते उरलंय बर्दिया जिल्ह्यात, खैरापूरच्या थोडक्या माळावर. तिथे त्याला कृष्णसार म्हणतात. २००९ साली त्याच्यासाठी तिथे संरक्षण क्षेत्र झालं. ज्या देशाकडे हिमबिबट्या आहे, गेंडा आहे, त्याने चहाच्या टपरीवर दिवसभर फिरणारी नोट माळावरच्या या हरणाला द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ती नोट माझ्याकडे आली ती वन्संमुळे. गावातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेची बस गेली होती. परत आल्यावर वन्संनी प्रसादाची पुडी, रुद्राक्षाची माळ आणि रुमालात गुंडाळलेल्या उरलेल्या नेपाळी नोटा माझ्यापुढे ठेवल्या. "वहिनी, तुमच्या ऑफिसात बदलून मिळतात का बघा की." आमच्या पतसंस्थेत कुठलं परदेशी चलन बदलून मिळणार! मी त्यांना आपले पैसे दिले आणि नोटा ठेवून घेतल्या. रात्री जेवणं झाल्यावर त्या ओळीने मांडल्या. पाचावर याक, दहावर काळवीट, विसावर बारशिंगा, शंभरावर गेंडा. खाली तराईतलं गवत आणि वर बर्फाजवळचा याक, देश एका टेबलावर चढत गेलेला. त्या रात्रीपासून मी वन्यजीवांच्या नोटा जमवते आहे. पुढच्या बाजूला राजा असो, राष्ट्राध्यक्ष असो, मला चालतो. प्राणी, पक्षी, मासा, फुलपाखरू काहीतरी हवं, आणि ते त्या देशाच्या मातीतलं हवं.

मी कॅशिअर आहे, त्यामुळे नोट माझ्या डोळ्यांआधी बोटांना कळते. आपला नोटेचा कागद कापसाचा असतो. नव्या गड्डीत तो करकरतो, आणि बाजारात फिरून आला की मऊ पडतो, कडा दोऱ्यासारख्या सुटतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भरणा होतो तेव्हा दहा-वीसच्या नोटांना कोथिंबिरीचा, घामाचा, तंबाखूचा वास असतो. पाचशेची नोट तशी नसते. ती कपाटातून निघते, खात्यात जाते, पुन्हा कपाटात. या कामामुळे माझं एक मत पक्कं झालंय, की प्राणी काढायचा तर तो लहान नोटेवर काढावा. ती नोट सगळ्यांच्या हातात जाते. शाळेतल्या पोराच्या हातातही जाते, आणि पोरं नोटेवरचं चित्र खरोखर बघतात.

आपल्याकडे हे एके काळी होतं. अशोकस्तंभाच्या नोटांच्या जमान्यात दोन रुपयांवर वाघ होता, पाचावर हरणं होती, पुढे दहावर मोर आला. मोठ्या नोटांवर माणसाने बांधलेलं: शंभरावर हिराकूड धरण, हजारावर तंजावरचं मंदिर, आणि १९५४ साली निघालेल्या पाच हजारांच्या नोटेवर आपला गेटवे ऑफ इंडिया. ती पाच हजारांची नोट किती जणांनी हातात धरली असेल? १९७८ साली रद्दही झाली. वाघ मात्र भाजीवालीच्या कनवटीला होता, एसटी कंडक्टरच्या चामडी बॅगेत होता. व्याघ्र प्रकल्प आला १९७३ साली. दोनाच्या नोटेवर वाघ त्याच्या कितीतरी आधी बसलेला होता.

लहान नोट हातोहात फिरते म्हणून लवकर संपते. १९९४-९५ मध्ये एक, दोन आणि पाचच्या नोटांची छपाई थांबली ती याच कारणाने: छापायला खर्च तेवढाच आणि टिकायची मात्र थोडे दिवस, त्यापेक्षा नाणं परवडतं. पाच आणि एक नंतर पुन्हा छापल्या गेल्या. संग्राहकाला याचा थेट अनुभव येतो. दोनाचा वाघ शोधायला गेलात तर घडीवर फाटलेला, तेल लागलेला, कोपरे गोल झालेला वाघ कुठेही मिळेल. कोरा करकरीत वाघ शोधताना दमायला होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जी जुन्या नोटांची ताटं मांडलेली असतात त्यांत हात घातला की पहिल्यांदा तेच मऊ पडलेले वाघ वर येतात. मी तेही घेते. त्या नोटा वापरल्या गेल्या आहेत आणि तेवढं मला पुरतं.

पाचाची हरणं मला विशेष प्रिय आहेत. विक्रेते त्यांना नुसतं 'हरणवाली' म्हणतात. माझ्या मते ती आमची काळविटंच आहेत, शिंगांचा पीळ तसा दुसऱ्या कुणाचा नाही.

मोराच्या दहाबद्दल थोडं सांगते, कारण इथे सहीचा खेळ सुरू होतो. चित्र तेच राहतं आणि गव्हर्नर बदलला की सही बदलते, म्हणजे संग्राहकाच्या लेखी नोट वेगळी. आय. जी. पटेलांच्या सहीची आणि मनमोहन सिंग यांच्या सहीची अशा दोन्ही माझ्या अल्बममध्ये शेजारी शेजारी आहेत. आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलीला मनमोहन सिंग यांची सही दाखवली तर ती म्हणाली, "पंतप्रधान नोटेवर सही करतात?" मग तिला सांगितलं की ते १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्यांच्यानंतर अमिताव घोष आले, ते फक्त वीस दिवस. तेवढ्या कारकिर्दीतही त्यांच्या सहीची दहाची नोट निघाली. ती दुर्मीळ आहे, आणि माझ्याकडे नाही.

मग १९९६ साली महात्मा गांधी मालिका आली आणि दहाच्या मागे गेंडा, हत्ती आणि वाघ अशी तिघांची तोंडं एकत्र आली. ती नारिंगी-जांभळी नोट आपण सगळ्यांनी इतकी वापरली की तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं. जानेवारी २०१८ मध्ये चॉकलेटी दहा आली, तिच्यावर कोणार्कचं सूर्यमंदिर. आता विसावर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरावर रानी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. वेरूळ आपलं आहे, ते विसाच्या नोटेवर आलं तेव्हा मला आनंदच झाला. पण मुख्य चित्रात प्राणी असलेली नोट नव्या मालिकेत एकही उरली नाही, हे मला खटकतं, आणि दरवेळी नव्याने खटकतं. जुनी गेंड्याची दहा अजून चलनात आहे. भरण्याच्या गड्डीत एखादी बऱ्या अवस्थेतली निघाली की माझ्या पर्समधली दहाची नोट तिच्या जागी ठेवून मी ती बाजूला काढते.

एक वाघ मात्र शिल्लक आहे. नवीन कुठलीही नोट घ्या, गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडे रिझर्व्ह बँकेची मुद्रा आहे. भिंग लावा. ताडाचं झाड आणि त्याच्यासमोर वाघ. ही मुद्रा ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरून, म्हणजे सोन्याच्या नाण्यावरून घेतली आहे. मोहरेवर सिंह होता. हिंदुस्थानचा म्हणून वाघ जास्त योग्य, असं ठरवून सिंहाच्या जागी वाघ घातला. वाघ मनासारखा उतरेना. तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांची तक्रार होती की हा वाघ कुठल्यातरी जातीच्या कुत्र्यासारखा दिसतो, आणि कुत्रा नि झाड असली मुद्रा लोकांच्या चेष्टेचा विषय होईल. नोटेवरच्या इवल्याशा प्राण्यासाठी एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने पत्रं लिहावीत, हे मला मनापासून आवडतं. प्राणी काढायचा तर तो त्याच प्राण्यासारखा दिसलाच पाहिजे. मुंबईत फोर्टला सर पी. एम. रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नोटांची आवड असणाऱ्याने तिथे निवांत वेळ काढून जावं.

शेजाऱ्यांमध्ये माझी सगळ्यात लाडकी नोट श्रीलंकेची वीस रुपयांची. तिच्यावर घुबड आहे, अगदी छोटं, तांबूस, कान नसल्यासारखं. त्याची गोष्ट अशी. १९९५ साली दीपाल वराकगोड या पक्षी अभ्यासकाने किटुलगलाच्या जंगलात रात्री एक अनोळखी हाक ऐकली. श्रीलंकेतल्या कुठल्याच घुबडाशी ती जुळेना. पक्षी प्रत्यक्ष दिसला तो २००१ च्या जानेवारीत, सिंहराजाच्या जंगलात. २००४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याला ओटस थिलोहॉफमनी असं नाव मिळालं, सिंहराजा वाचवण्यासाठी झटलेल्या थिलो हॉफमन यांच्यावरून. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेला हा पहिलाच नवा पक्षी. आणि काहीच वर्षांत तो विसाच्या नोटेवर! त्या मालिकेत प्रत्येक नोटेवर तिथलाच एक पक्षी आणि एक फुलपाखरू आहे, मागे नर्तक आहेत, आणि मागची बाजू उभी धरून बघायची आहे. त्याआधीही, १९७९ साली, लकी सेनानायके या चित्रकाराने अख्खी मालिकाच मासे, पक्षी, फुलपाखरं, फुलं यांवर काढली होती. तिचीही मागची बाजू उभीच. ती हातात धरली की नोटेचं चित्र आडवंच असायला हवं हा नियम कुणी केला होता, असा प्रश्न पडतो.

घुबडाच्या नोटेपाशी मी थांबते याला कारण आहे. आपल्याकडेही असंच घडलंय आणि बऱ्याच जणांना ते ठाऊक नाही. रानपिंगळा, हेही छोटं घुबडच, १८८४ नंतर कुणालाच सापडला नव्हता. तो संपला असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो पुन्हा दिसला, आणि दिसला कुठे तर शहाद्याजवळ, आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे ११३ वर्षांनी. तोरणमाळ, यावल, मेळघाट ही त्याची ठिकाणं. श्रीलंकेने आपलं घुबड प्रत्येक भाजीवाल्याच्या गल्ल्यात नेऊन बसवलं. आपण घराच्या पत्र्यावर पिंगळा बोलला तर अजून दगड भिरकावतो. दहाच्या नोटेवर रानपिंगळा असता तर निदान आमच्या गावातल्या पोरांनी "हा कुठला?" असं विचारलं असतं आणि कुणीतरी शहाद्याचं नाव घेतलं असतं.

नेपाळच्या नोटांमध्ये एक नोट मी भिंग लावून पुन्हा पुन्हा बघते. ती पाचशेची आहे, २००७ सालची, मागे वाघ. राजेशाही जात होती, त्यामुळे पुढच्या बाजूवरून राजा ज्ञानेंद्रांचं चित्र काढून तिथे एव्हरेस्ट आणलं. पण कागद आधीच घेऊन ठेवलेला होता आणि त्या कागदात राजाचा जलचिन्हाचा, म्हणजे वॉटरमार्कचा, चेहरा होता. जलचिन्ह पुसता येत नाही, ते कागद बनतानाच आत उतरतं. मग त्या जागेवर लालीगुराँसचं फूल छापलं, नेपाळचं राष्ट्रीय फूल. नोट टेबलावर ठेवा, फूल दिसतं. खिडकीकडे धरा, फुलाच्या आतून मुकुट घातलेला चेहरा वर येतो. माझ्याकडची नोट वापरलेली आहे, मधोमध घडी आहे, पण जलचिन्ह स्पष्ट आहे. पुढच्या छपाईत कागदातही गुराँस आलं.

जलचिन्हावरून मॉरिशस. तिथे मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, एकोणिसाव्या शतकात इथून ऊसमळ्यांत मजुरीला गेलेल्यांची लेकरं-नातवंडं. तिथल्या नोटेवर किंमत देवनागरीतही लिहिलेली असते, त्यामुळे ती हातात घेतली की परकी वाटत नाही. मॉरिशसच्या कागदी नोटेचा मोकळा भाग उजेडाकडे धरला की डोडोचं डोकं दिसतं, ते वाकडं जाड चोचीचं. डोडो सतराव्या शतकातच संपला. कागदाच्या आत त्याला ठेवणं ही ज्याची कल्पना असेल त्याला माझा नमस्कार.

न्यूझीलंडच्या नोटा माझ्या भाच्याने दिल्या. तो तिकडे नोकरीला आहे, सुट्टीवर आला की "मावशी, तुझे पक्षी" म्हणून पाकीट पुढे करतो. त्या प्लास्टिकच्या आहेत, म्हणजे पॉलिमरच्या. पाण्यात पडल्या तरी काही होत नाही, मात्र एकदा घट्ट घडी पडली तर जात नाही. पाच डॉलरवर पुढे एडमंड हिलरी आणि मागे होइहो, पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. दहावर व्हिओ बदक, विसावर कारेआरेआ ससाणा, पन्नासवर कोकाको, शंभरावर मोहुआ. सगळे तिथलेच. पुढच्या बाजूला एक छोटा पक्षी आहे, नोट वरखाली हलवली की त्याच्या अंगावरून चमकणारा पट्टा सरकतो आणि रंग बदलतो. पाच डॉलरच्या या नोटेला २०१५ ची सर्वोत्तम नोट म्हणून आंतरराष्ट्रीय नोट-संग्राहक संघटनेचा सन्मान मिळाला होता. माझ्या सासूबाईंनी ती नोट बघून एकच विचारलं, "आणि हा पक्षी खरंच पिवळ्या डोळ्यांचा असतो?" भाच्याने मोबाइलवर फोटो काढून दाखवला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांची पन्नास क्रोनरची नोट मी एका विक्रेत्याकडून चांगले पैसे मोजून घेतली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तिच्यावर मेंढ्याचं नुसतं शिंग आहे. मेंढा नाही, शिंग. शंभरावर कॉड माशाची शेपटी, दोनशेवर पतंग (किडा, उडवायचा नव्हे), पाचशेवर खेकड्याची नांगी, हजारावर पक्ष्याचा पंख. मागच्या बाजूंना झकारियास हाइनेसन यांची जलरंगातली चित्रं. समुद्रातल्या छोट्याशा देशाने आपलं जगणं ज्यावर चालतं त्याचा एकेक तुकडा उचलून नोटेवर ठेवलाय. नोटांमध्ये इतकं धीट चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

ब्राझीलबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांनी लोकांना विचारलं. त्यांच्या रेआलच्या नोटांवर मागे सगळे प्राणीच: पाचावर बगळा, दहावर मकाव पोपट, पन्नासवर जॅग्वार, शंभरावर मासा. दोन नव्या नोटा काढायच्या होत्या तेव्हा संकटात असलेल्या प्राण्यांपैकी कोण हवा यासाठी मतं घेतली. पहिला आला समुद्री कासव, तो २००१ मध्ये दोनाच्या नोटेवर गेला. दुसरा आला सोनेरी सिंहासारखी आयाळ असलेला छोटा वानर, मिको-लेआऊँ-दोराडो. तो २००२ मध्ये विसाच्या नोटेवर. रिओच्या आसपासच्या किनारी जंगलात तेवढा राहतो आणि १९७० च्या दशकात दोनशेच्या आसपासच उरला होता. तिसरा आला लांब पायांचा लोबो-ग्वारा, आपण त्याला आयाळवाला लांडगा म्हणू. त्याला नोट नव्हती. २०२० साली दोनशे रेआलची नवी नोट काढायची वेळ आली तेव्हा ती त्या तिसऱ्या क्रमांकाला दिली. जवळपास वीस वर्षांनी लोकांचा कौल पाळला. त्याच वेळी तिथल्या लोकांनी रस्त्यावरच्या तांबूस गावठी कुत्र्याला ती नोट द्या म्हणून सह्याही गोळा केल्या होत्या. देशाला आपल्या नोटेवर कोण असावं याची इतकी आच असणं किती चांगलं!

एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी मी ऑफिसात हाच विषय काढला. आपल्याकडे मतं घेतली तर? शिपाई मामा म्हणाले वाघ, दुसरं काय. मॅनेजर साहेब शेकरू म्हणाले, राज्य प्राणी म्हणून. वसुलीवाला पोरगा म्हणाला, बिबट्या, "मॅडम, रोज उसात तोच तर असतो." मी म्हणाले माळढोक. आमचा कर्जतचा भाग माळढोकच्याच मुलखात येतो, नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं आणि त्याची हद्द आमच्यापर्यंत आलेली. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्वारीच्या रानात तो चालताना पाहिलाय. आता नान्नजला जाऊनही तो दिसणं नशिबाची गोष्ट झाली आहे. मोर राष्ट्रीय पक्षी झाला १९६३ मध्ये, आणि माळढोकला तो मान द्यावा असं सालिम अलींचं मत होतं. मान गेला तर गेला, निदान दहाची नोट तरी त्याला द्यावी असं मला वाटतं. डब्याची सुट्टी संपली तेव्हा मामा माळढोकच्या बाजूला आले होते. त्यांनी लहानपणी तो बघितला होता.

नोटा सांभाळण्याबद्दल चार शब्द, कारण हे लोक नेहमी विचारतात. नोट धुवू नका, इस्त्री करू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका; टेपचा डिंक कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही. स्वस्त प्लास्टिकचे अल्बम काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढतात, पीव्हीसी नसलेली पाकिटं मागून घ्या. डांबरगोळ्या कपाटात साड्यांजवळ ठीक, नोटांजवळ नको. पावसाळ्यात मी अल्बमच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि ऊन पडलं की अल्बम सावलीत उघडे ठेवते.

आणि एक गोष्ट जरा कळकळीने सांगायची आहे. काउंटरवर अधूनमधून कुणीतरी पाचाची ट्रॅक्टरची नोट घेऊन येतं. "ताई, ही पाच लाखाला जाते म्हणे, मोबाइलवर आलंय." मग कळतं की समोरच्याने आधी नोंदणीचे, कमिशनचे, टॅक्सचे म्हणून पैसे भरायला सांगितलेत. एका मावशींनी तर गाय विकलेल्या पैशातून ते भरायची तयारी केली होती, त्यांना बसवून चहा दिला आणि समजावलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि असल्या व्यवहारासाठी ती कुणाकडून कसलंही शुल्क मागत नाही. ट्रॅक्टरची नोट पाच रुपयांची आहे. आवडली तर पाकिटात जपून ठेवा, पैसे मात्र कुणालाही पाठवू नका.

सध्या माझा शोध चालू आहे तो नेदरलँड्सच्या दहा गिल्डरचा. जाप ड्रुपस्टीन यांनी काढलेली १९९७ ची निळी नोट, तिच्यात खंड्या आहे. त्याच मालिकेत शंभरावर पिंगळा, हजारावर टिटवी. २००२ मध्ये युरो आला आणि हे सगळे पक्षी पूल-कमानींसाठी जागा सोडून गेले. पण युरोच्या पुढच्या नोटांसाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने जानेवारी २०२५ मध्ये जे दोन विषय पुढे ठेवले त्यात एक 'नद्या आणि पक्षी' आहे, आणि त्यात दहाच्या नोटेसाठी निवडलेला पक्षी पुन्हा खंड्याच आहे. दुसरा विषय संस्कृतीचा. मी अर्थातच खंड्याच्या बाजूने.

तर, कुणाकडे ही दहा गिल्डरची नोट जादा असेल, किंवा श्रीलंकेची १९७९ ची माशाची दोन रुपयांची, तर माझ्याकडे बदल्यात द्यायला नेपाळच्या काळविटाच्या बऱ्याच करकरीत दहाच्या नोटा आहेत. यंदा गावातून पुन्हा यात्रेची बस जाते आहे, वन्संना मी सुट्टे आणायला सांगितलंय.